आधीच येऊन बसलेला भाऊ

मला बोटीची हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझ्या नवऱ्याचं माधवनगरला खतं-औषधांचं दुकान आहे. जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना कंपनी सहलीला नेते. यंदा क्रूझ निघाली, मुंबईहून, नवरा-बायको जोडीनं. मी आधी म्हटलं होतं, "तुमीच जावा, मला त्या पाण्याकडं बघूनच गरगरतं." मग कळलं की बोट एक दिवस कोचीला थांबणार आहे, आणि मी निमूट बॅग भरायला घेतली. कोचीला माझा धाकटा भाऊ असतो.

तो गलाईवाला आहे. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत आटवायचं, ॲसिडात घालायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हे त्याचं काम. आमच्या कवठे महांकाळकडं पाऊस कायम तोंड फिरवून बसलेला, म्हणून घरटी एखादा तरी या धंद्यात कुठंकुठं पांगलेला. आमचे वडीलही गलाईतच होते. शेवटी घरी आले आणि त्या धुरानं खोकून खोकून आईच्या डोळ्यांदेखत गेले. गलाईवाला कुठंही असो, गावच्या जत्रेला येतोच. माझा भाऊ मात्र गेल्या काही जत्रांना आलाच नव्हता. फोन केला की दोन वाक्यं बोलायचा आणि ठेवून द्यायचा. मी येते म्हटलं की, "तू कशाला, मीच येतोय की," म्हणून थोपवायचा. लग्नाचं त्याचं जमलंच नाही, त्यामुळं गावाकडं आई एकटी.

निघताना आई म्हणाली, "बोटीनं आण, न्हाईतर रेल्वेनं आण. पर त्याला घिऊनच ये. रिकाम्या हातानं यिऊ नको, बाई."

कोचीला उतरलो, तर भावानं घरचा पत्ता पाठवायचा सोडून समुद्राकाठच्या ताडीच्या दुकानाचा पाठवला. मी फोनवरच तोंड सोडलं, "आक्का एवढ्या लांबनं आलीय आणि तिला गुत्त्यात बोलावतोस व्हय रं?" तर म्हणाला, "घर कसलं आक्के, भट्टीवरची खोली. हितं वारं तरी हाय." ताडीचं नाव ऐकल्यावर बोटीवरचे आणखी चार दुकानदार आमच्या मागं लागले. त्यातले मेढ्याचे एक पाव्हणे तर जन्मात पाणी न मिळाल्यासारखे पुढं धावत होते.

झावळ्यांचं छप्पर, लाकडी बाकडी, तळलेल्या माशांचा वास आणि समोर समुद्र. अशा ठिकाणी मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. सवयीनं डोक्यावर पदर घेतला. पण तिथं कुणाला पडलीय! माझ्या वयाच्या दोन बायका मजेत मासे खात बसल्या होत्या. मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.

भाऊ आमच्या आधीच येऊन कोपऱ्यात बसला होता. आम्ही आलो तरी उठला नाही. बसूनच हात जोडले. मला राग आला.

"दाजी आल्यात, पाया पडायची लाज वाटायला लागली का?"

"पाय मुरगळलाय आक्के," तो म्हणाला आणि हसला. गालाची हाडं वर आली होती. शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा असा ढगळ. दोन शब्द बोलायचा, ताडीचा घोट घ्यायचा, मग पुढचे दोन शब्द. मी म्हटलं, "अरे, जेवतोस का नुसती हीच ढोसतोस?" नवरा म्हणाला, "आल्या आल्या सुरू झालीस? बसू दे की त्याला."

आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी मी पुढं केली. ती त्यानं बोट चाटून खाल्ली. मला बरं वाटलं. मग मी मुद्द्याला हात घातला. "आईनं सांगितलंय, तुला घिऊनच यायचं."

"येतो की. जत्रंला येतो, कायमचाच. भट्टी मोडतो आता."

मी तिथंच बाकड्यावर रडले. एवढं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं. नवऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली, तर त्यानं घाईघाईनं पेला तोंडाला लावला.

निघताना म्हणाला, "तुमी व्हा म्होरं, बोट सुटंल. मी बसतो जरा." आम्ही गाडीपर्यंत आलो आणि चष्मा बाकड्यावरच राहिल्याचं मला आठवलं. मी एकटी मागं गेले.

ताडीवाल्यानं त्याला काखेत हात घालून उठवलं होतं. तो चार पावलं टाकायचा, खांबाला धरून थांबायचा आणि खोकायचा. तो खोकला मला पाठ होता. लहानपणी आमच्या माजघरातून यायचा तो हाच.

त्यानं मला पाहिलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून खाली बसला.

"चल," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता चल."

"कुठं?"

"डॉक्टर काय म्हणतो?"

"वडलांना त्यांच्या डॉक्टरनं सांगितलं हुतं, तेच."

"मग घरी चल. आई हाय, मी हाय."

"आईनं एकदा केलंय समदं. पुन्यांदा पोराचं करायला लावू?" तो दम खात राहिला. "फोनवर एक मिन्टाच्या वर बोललो तर वळखंल ती. म्हणून ठेवतो."

"आणि हितं कोण करणार तुझं?"

त्यानं ताडीवाल्याकडं मान वळवली. "ह्यो करतो. गडी लय चांगला हाय."

त्या माणसाला आमचं काही कळत नव्हतं. त्यानं माझा चष्मा शर्टाला पुसून माझ्या हातात दिला.

"आईला काय सांगू मी?"

"झकास हाय म्हण. लय काम हाय म्हण." मग म्हणाला, "आक्के, तुला शपथ हाय."

मी त्याच्यावर ओरडले, हात धरून ओढलं, शेवटी पाया पडायला वाकले. तो हललाही नाही. हलायला त्याच्यात होतं काय म्हणा! नवरा हाका मारत शोधत आला, आणि बघून तिथंच उभा राहिला. बोटीवर परतल्यावर मेढ्याचे पाव्हणे डेकवरून ओरडले, "वैनी, या की नाचायला!" मी खोलीचं दार लावून घेतलं.

गावी गेले तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं आधी माझ्या मागं बघितलं, रिकाम्या गाडीकडं.

"कसा हाय?"

"झकास हाय. लय काम हाय त्याला."

"खोकतोय का?"

"न्हाई गं. ठणठणीत हाय."

"तुझ्या गळ्याची शप्पत?"

"शप्पत."

आई उंबऱ्यावर बसली. "आजारी न्हाई, अडचण न्हाई, आन् तरी आला न्हाई," ती म्हणाली. "म्हंजी त्याला आई नकोच झालीय म्हण की."