आत्या गेली

घरात त्याला सगळे फौजदार म्हणत. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, हातात शिक्का आणि पेन, पण स्वभाव असा की आत्ताच तापवलेलं दूधसुद्धा हुंगल्याशिवाय प्यायचा नाही. कुणी स्तुती केली की आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचा आणि याला आपल्याकडून काय हवंय, याचा विचार करायचा. अशा माणसाने खरं तर कादंबऱ्या लिहू नयेत, कारण कादंबरी शेवटी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते. तरी त्याने दोन लिहिल्या होत्या. तिसरी लिहून झाली तेव्हा प्रकाशक म्हणाला की छापण्याआधी चार जणांना वाचायला द्या, हल्ली त्यांना बीटा रीडर म्हणतात. फौजदाराला ते आधी एखाद्या गोळीचं नाव वाटलं.

चार जण आणायचे कुठून? मेहुणा, खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर आणि बायको, एवढ्यावर गाडी अडली. पैकी मेहुण्याचा अनुभव ताजा होता. मागच्या कादंबरीचं बाड त्याने "एका बैठकीत संपवली" असं सांगून परत केलं होतं, आणि फौजदाराने सुतळीला मारलेली गाठ जशीच्या तशी होती. म्हणून या खेपेला त्याने सापळा लावला. अकराव्या प्रकरणात नायकाची आत्या मरते. मेली, वारली असलं काही न लिहिता त्याने फक्त "पहाटे, कुणी उठायच्या आत, आत्या गेली" असं लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर तो बेहद्द खूश होता. आता तेराव्या प्रकरणात त्याने चार ओळी घुसडल्या. आत्या स्वयंपाकघरात उभी आहे, चहा करते आहे आणि साखर चमचाभर जास्त घालते म्हणते आहे. जो खरोखर वाचेल तो बोंब मारत येईल. जो येणार नाही, त्याचं पितळ उघडं पडेल. छापायच्या आधी त्या ओळी काढून टाकल्या की झालं.

मेहुणा आला तो ओघवत्या भाषेचं कौतुक करत. आत्याबद्दल चकार शब्द नाही. डॉक्टरने तर फौजदाराला खुर्चीत आडवं पाडून, तोंडात आरसा घालून, तेरावं प्रकरण सगळ्यात आवडल्याचं सांगितलं. तोंड उघडं असल्यामुळे फौजदाराला उलटतपासणी घेता आली नाही.

राहता राहिले प्रकाशकाचे मुद्रितं तपासणारे काका. त्यांच्यावर फौजदाराचा जुना राग होता. मागच्या कादंबरीतल्या "तो बायकोला भीत होता" या वाक्याचं त्यांनी "तो बायकोला भिंत होता" करून ठेवलं होतं, आणि वर्तमानपत्रातल्या परीक्षणात नेमकं तेवढंच वाक्य उचलून धरलं होतं. तरीही फौजदार छपाईआधीची शेवटची मुद्रितं आणायला गेला तेव्हा, "आत्या गेली" पाशी काही खटकलं का, असं त्याने त्यांना आडून विचारलं. काकांनी चष्मा चढवून पान काढलं आणि वाक्यावर बोट ठेवलं.

"ली दुसरीच आहे," ते म्हणाले. "बरोबर आहे."

"आणि अर्थ?"

"अर्थ तुमचा. माझ्याकडे वेलांट्या."

घरी येऊन फौजदाराने लाल पेनाने त्या चार ओळींवर फुली मारली. मग ठरवलं की आता बायकोला विचारायचं, आणि तिनेही वाचली नसेल तर बाड परत आणून माळ्यावर टाकायचं. लिहिणं बंद.

बायकोबद्दलचा संशय सगळ्यात जुना होता आणि सगळ्यात जास्त दुखणारा. कारण आत्या खरी होती. आईवेगळ्या फौजदाराला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. म्हातारपणी डॉक्टरांनी साखर बंद केली, बायकोने डबा लपवला, त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि एका पहाटे आत्या पिशवी घेऊन भाचीकडे निघून गेली. तिथून थेट ती वारल्याचा निरोपच आला. फौजदार बायकोला एका शब्दाने टाकून बोलला नाही. जवळ घेऊन धीरही दिला नाही. आत्याचा विषय त्या घरातून उठला तो उठलाच.

बायको इस्त्री करत होती. वाचलीस का, असं त्याने विचारलं. वाचली म्हणाली. काय वाटलं, तर तेराव्या प्रकरणात रडू आलं म्हणाली.

फौजदार सावध झाला. "तेराव्यात काय आहे रडण्यासारखं?"

"आत्या परत येते ना."

"अकराव्यात काय झालं होतं तिचं?"

"गेली होती ना. कुणी उठायच्या आत. आपल्या आत्याबाई गेल्या तशीच." तिने इस्त्री उभी करून ठेवली. "मी जागी होते त्या दिवशी. दाराचा आवाज ऐकला आणि पडून राहिले. वाटलं, राग उतरला की येतील चार दिवसांत."

फौजदाराने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," ती म्हणाली. "पण तिला परत आणलंत. साखरेचा डबा तिच्या हातात दिलात. मला वाटलं, सुटले मी."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गेली म्हणजे गेली, रुसून गेली, असंच सगळ्यांनी वाचलं होतं. डॉक्टरने वाचली होती, बायकोने वाचली होती. मेहुण्याचं मात्र अजूनही सांगता येत नव्हतं.

एवढ्यात बायकोचं लक्ष टेबलावरच्या मुद्रितांकडे गेलं. लाल फुली तिने पाहिली. फौजदाराने घाईघाईने पेन उघडलं आणि फुलीशेजारी "या ओळी ठेवा" असं लिहिलं. ती त्याच्या हाताकडे बघत होती, तो दुधाकडे बघायचा तशी.

"चुकून आल्या होत्या का हो त्या?"

"नाही," तो म्हणाला. "मुद्दाम लिहिल्या."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तरी त्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.