टॉकीजला जाण्यासारखा

आखातातल्या सित्राच्या कंपनी बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर बसायचा. राहायचा आमच्याच लेबर कॅम्पात, पण नाव कधी विचारलं नाही. नवा पिक्चर लागला की कुणीतरी त्याला हटकायचंच, "टॉकीजला जाण्यासारखा आहे का हो?"

हा न बघताच ठणकावायचा, "आहे!"

एकदा मी वैतागलो. "अहो, त्याचीच कॅसेट आलीय आमच्या खोलीवर!"

कंगवा खिशात खुपसत तो म्हणाला, "शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, खोलीत सापडलात की फोरमन दार वाजवणार. यल्ला, चला, ओव्हरटाइम! पिक्चर भिकार असेना का, टॉकीजच्या अंधारात येऊन शोधू दे मला!"

त्याच शुक्रवारी आमचा व्हिडिओ ऐन रंगात आला आणि दार वाजलं. आम्ही मुकाट्यानं बूट चढवले.

त्याच्या खोलीला कुलूप होतं.