उभ्यानं देव दिसत नाही

"बसा. उभ्यानं देव दिसत न्हाई," असं म्हणून म्हातारबा शेजारची फरशी तळहातानं थोपटायचे. माणूस ओळखीचा असो वा नसो, ख्रिस्ती असो वा नसो, थोपटणं तेच. एकदा चर्चमध्ये शिरलेल्या शेळीलाही त्यांनी तसंच बोलावलेलं मी पाहिलं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी पाठीला हॅवरसॅक अडकवून नगर जिल्ह्यात एकटाच पायी हिंडत होतो. जुनी चर्च बघायची, कमानींची चित्रं काढायची, हा छंद. बायाबापड्या पाण्यासाठी पायपीट करत होत्या आणि मी हौसेनं चालत होतो! सोनईच्या पुढं एका गावात गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळातलं दगडी चर्च होतं. गाव त्याला देऊळच म्हणे. आमचे म्हातारबा तिथले राखणदार. झाडलोट, दिवाबत्ती आणि घंटा त्यांच्याकडे.

"सलाम, पाव्हणं. यष्टी चुकली व्हय?"

"नाही, चालतच हिंडतोय."

"घरी भांडान झालं का?"

"नाही हो. तुमचं देऊळ बघायला आलोय."

म्हातारबांचा चेहरा उजळला. मला वाटलं, कलेची कदर असलेला माणूस भेटला. पण त्यांना हवं होतं ते एक डोकं. सगळी ख्रिस्ती वस्ती खडी फोडायला दूरच्या दुष्काळी कामावर गेली होती. पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, रविवारी सायकल दामटत येत आणि रिकाम्या भिंतींपुढं प्रार्थना करून परत जात. शेवटी वैतागून त्यांनी सांगितलं होतं, की आता माणसं दिसली नाहीत तर दाराला कुलूप लावू आणि घंटा नगरला नेऊ. तो रविवार नेमका आजचा होता.

"माझ्या बापानं ह्या भिताडाला दगड वाह्यलेत," म्हातारबा म्हणाले. "कुलूप लावल्यावं म्या कुठं बसू?"

मी हॅवरसॅक उतरवून बसलो. बऱ्याच वेळानं एक धनगर येऊन टेकला, तो सावलीसाठी. पाळकसाहेबही आले. सायकलच्या पिशवीत कुलूप होतं, ते म्हातारबांनी आधी पाहिलं आणि मग सलाम केला. पाळकसाहेबांनी आमच्याकडं पाहून सुस्कारा टाकला. तेवढ्यात म्हातारबांचा मित्र, मारुतीच्या देवळातला गुरव, दारात आला. आयुष्यभर घंटा वाजवल्याशिवाय तो कुठल्या देवाच्या दारात शिरला नव्हता. त्यानं दोर धरला आणि सवयीनं दणादणा ओढला.

आता या गावात उपासनेची घंटा संथ वाजे. ती दणादणा वाजली म्हणजे पाण्याचा टँकर आला, हे ठरलेलं. बघता बघता उरलेलं सगळं गाव हंडे-कळशा घेऊन आवारात धावलं.

"टँकर कुठाय?" एक बाई कडाडली.

पाळकसाहेब गोंधळले, गुरव खांबाआड लपला. म्हातारबा मात्र शांतपणे फरशी थोपटत म्हणाले, "आलाच हात तर बसा. उभ्यानं देव दिसत न्हाई."

आणि गाव बसलं! उन्हात परत जाण्यापेक्षा ते बरं होतं. हंडे मांडीवर घेऊन माणसं दाटीवाटीनं बसली. पाळकसाहेबांनी पाण्यासाठी प्रार्थना केली, दुसरं मागणार तरी काय? शेवटी "आमेन" असं काही घुमलं, की वरचे पारवे उडाले. टँकर काही त्या दिवशी आला नाही.

"एवढी भक्ती नगरलासुद्धा नसते," पाळकसाहेब गालातल्या गालात हसत म्हणाले आणि कुलूप पिशवीत तसंच ठेवून सायकलवर बसले.

"तुम्हीच गुरवाला शिकवलं ना?" मी विचारलं.

"छ्या! त्याची सवयच हाय तशी," म्हातारबा म्हणाले, आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

त्या खेपेला मी आठवडाभर तिथंच राहिलो. पुढं काही वर्षांनी मी पुन्हा त्या वाटेनं गेलो. रविवार होता. वस्ती परतली होती, चर्च भरलं होतं, घंटा जागेवर होती. म्हातारबा नव्हते. गुरवानं मला मागच्या आवारात नेलं आणि मातीचा एक उंचवटा दाखवला. मला त्या माणसाचा फार लळा लागला होता, हे तिथं कळलं. हात जोडून मी नुसताच उभा होतो. बराच वेळ वाट पाहिली. शेजारची जमीन कुणी थोपटेना.

मग मीच ती थोपटली, आणि बसलो.