पुणे की कोइमतूर

दुपारचे सव्वातीन झालेत. पाचच्या आत कुठल्यातरी एका कॉलेजला होकार कळवायचा आहे, आणि कीर्ती बार्शीतल्या घरी लॅपटॉप उघडा टाकून सतरंजीवर आडवी झाली आहे. पुण्याचं साधं एमबीए, की कोइमतूरचं नुसतं कपडे-उद्योगाचं? मन कोइमतूरकडे ओढतंय, पण भीती वाटते. आठ दिवस तिनं या प्रश्नाचा इतका कीस पाडलाय की काल आईनंही हात टेकले.

"साधं कर बाई. कुठंही चालतं. एकच एक धरून बसलं की काय होतं, ते अण्णांचं बघितलंस ना?"

बघितलंय. अण्णा म्हणजे कीर्तीचे वडील, विश्वनाथ मास्तर. आयुष्यभर त्यांनी फक्त शाळेचे गणवेश शिवले. मग शाळांनी तयार गणवेश मागवायला सुरुवात केली आणि मास्तरांचं मशीन थंडावलं. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

डोळे मिटतात. पंखा करकरतोय. ती करकर हळूहळू शिलाई मशीनची होते.

"झोपलीस काय गं?"

अण्णा दुकानात बसलेत. दुकानाला मागची भिंत नाही, तिथं शाळेचं मैदान आहे आणि पोरं रांगेत उभी आहेत. सगळी गप्प, शहाण्यासारखी. हा आवाज आपण विसरत चाललो होतो, हे कीर्तीला आत्ता कळतं आणि तिला रडू येतं.

"अण्णा, जेवलात?" दुसरं काही सुचतच नाही.

"जेवलो. तू कोइमतूरला कशाला निघालीस, ते सांग."

"कापड कसं कापतात, कुठं वाया जातं, कारखाना कसा चालवायचा, हे सगळं शिकायचंय. मला तेच आवडतं, अण्णा. पण उद्या ते बंद पडलं तर? तुमच्यासारखं..."

अण्णा रागावत नाहीत. आता ते एसटी स्टँडच्या बाकावर बसलेत, गळ्यात मापाची टेप तशीच, आणि कीर्ती त्यांच्या शेजारी.

"गणवेश बंद झाले तेव्हा सोलापूरच्या एका कारखान्यानं बोलावलं होतं मला. एका ताग्यात दोन चड्ड्या जास्तीच्या काढणारा माणूस त्यांना हवाच होता की."

"मग?"

"तुझी दहावी होती. आणि खरं सांगू? लाजलो. इथं सगळे मास्तर म्हणतात, तिथं कुणाच्या हाताखाली कसं राहायचं? इथंच बसलो होतो. गाडी आली, गेली. कामाचा दोष नव्हता, पोरी. माझाच पाय निघाला नाही."

कीर्तीला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं तिनं बिचाऱ्या गणवेशांच्या माथी खापर फोडलं.

"मग जाऊ मी कोइमतूरला?"

"मला काय विचारतेस? मी माप घेणारा माणूस." ते वाकून तिच्या निळ्या कुर्त्याचा काठ चिमटीत धरतात. त्यांनी शिवलेला हा शेवटचा. "वर चढला की गं. वाढलीस."

"तेविसाव्या वर्षी कोण वाढतं, अण्णा?"

"हलू नकोस. पोरांच्या कपड्यात दोन बोटं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायचो ना, वाढली की उसवायला? तुझ्यातही ठेवलंय." ते दातानं दोरा तोडतात आणि हलक्या हातानं टाके काढत जातात.

"थांबा ना अण्णा थोडं."

"मी थांबलो तेवढं बास. तू ऊठ, गाडी लागली."

कीर्ती उठून बसते. चार चाळीस. कुर्त्याचा काठ उसवलाय आणि दोरा तिच्या बोटाला गुंडाळलेला आहे. खाली दोन बोटं रुंद पट्टी मोकळी झालीय, गडद निळी. कुर्ता धुवून धुवून विटला, पट्टीला मात्र कधी ऊनसुद्धा लागलेलं नाही.

आई चहा घेऊन येते. "अगं, हे कुठं उसवलंस? दे, टाका घालते."

"राहू दे आई. आता एवढाच लांब हवा."

कीर्ती लॅपटॉप ओढून घेते आणि कोइमतूरला होकार कळवते. आई खाली बसून त्या पट्टीवरून हात फिरवतेय.

"हा असा होता होय रंग," ती म्हणते.