सहीच्या वरची ओळ

आज सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपके दिसले. नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी हाड तयार करू लागल्या, की तिथे साठलेलं कॅल्शियम रंग टाकल्यावर असं लाल दिसतं. लॅबमध्ये सगळे खूश झाले. मला मात्र ज्या बाळाच्या नाळेतलं हे रक्त, त्याची आई आठवली.

नाळेचं रक्त संशोधनासाठी वापरायला बाळंतपणाआधी तिची परवानगी घ्यायला मी वॉर्डात गेले होते. इंग्रजीत पाठ असलेलं मराठीत सांगताना सारखी अडखळत होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला विचारलं, "काय म्हणतीय गं ही?"

"काहीतरी हाडाचं आहे. घाबरलीय बिचारी," ती हसली आणि माझ्या हातातलं पेन तिने घेतलं. "आण इकडं, करते सही. हाड झालं की सांगशील ना?"

मी मान डोलावली. सहीच्या वर छापलं होतं, 'मला सर्व माहिती समजली आहे.' मी कागद तसाच फाइलला लावला.

तिचा फोन नंबर त्याच कागदावर आहे. पण हाड झालं हे कळवायचं, तर तेव्हा न सांगितलेलं सगळं आधी सांगावं लागेल, आणि मग रक्त वापरायला ती नको म्हणाली तर?

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहू लागले. पेशींना निदान काही विचारावं लागत नाही.