अक्काचा फोटो

मित्रांनो, आज सकाळी शेजारच्या मुलीचा अपंग पेन्शनचा अर्ज भरायला बसलो होतो. तिनं विचारलं, "काका, फोटो कसला लावायचा?" माझा हात तिथंच थांबला.

चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, असाच अर्ज करायचा होता. तिचा डावा पाय पोलिओनं वाळला होता. घरातसुद्धा ती तो लुगड्याखाली झाकून ठेवायची. पाय दिसेल असा फोटो लागतो म्हणून मी तिला भालकीच्या स्टुडिओत नेलं.

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. फोटोवाला म्हणाला, "बाई, लुगडं गुडघ्याच्या वर घ्या."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "घे की अक्का, न्हाईतर अर्ज घेत न्हाईत."

तिनं मान खाली घालून लुगडं वर घेतलं.

परत येताना बसमध्ये ती एवढंच बोलली, "त्या दोघांला भाईर जा म्हणायचं तरी. कामून गप बसलास?"

मी तिकिटाचे सुट्टे पैसे मोजत बसलो.

पेन्शन मंजूर झाली, पण त्यानंतर अक्का माझ्यासोबत कधी कुठं आली नाही. आता ती या जगात नाही. तिची माफी मागायची राहूनच गेली.

तुमचंही कुणाशी असं बोलायचं राहिलंय का?