मामाची मांडी आणि बाळाची खुर्ची

लेकीची अट साधी होती. सासूबाईंच्या नवसाप्रमाणे बाळाचं जावळ आमच्या कुलदैवताच्या ठाण्यावर काढायला तिची ना नव्हती. पण बाळ गाडीतून जाईल ते स्वतःच्या खुर्चीत बसून, आणि ती खुर्ची गाडीला पक्की जोडलेली असेल. जमत नसेल तर जावळ बंगळुरूलाच निघेल, बाथरूममध्ये, त्याच्या पप्पांच्या ट्रिमरनं. सोबत तिनं एक व्हिडिओ पाठवला. त्यात गाडी भिंतीवर धडकते आणि मांडीवरची बाहुली काचेपर्यंत उडते. मी तो एकदाच पाहिला आणि गाडी बदलायची ठरवली. आमचं ठाणं सोयगावच्या बाजूला, म्हणजे अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो, आणि जुन्या गाडीला मागं धड पट्टेही नव्हते.

मी याद्या करणारी बाई आहे. औषधांची यादी, किराण्याची यादी, कोणत्या पाहुण्याला वांगं चालत नाही याची यादी. घरातले सगळे या याद्यांना हसतात आणि त्यांच्यावरच जगतात. सेकंडहँड गाडीसाठीही यादी झाली. तिच्यात सगळ्यात वर आयसोफिक्स. म्हणजे मागच्या सीटच्या फटीत, गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या लोखंडी कड्या. बाळाची खुर्ची त्यांत खटकन अडकते, मग हलत नाही.

जालना रोडवरच्या एका डीलरच्या जाहिरातीत हा शब्द सापडला. ‘डॉक्टरची गाडी, सिंगल ओनर, आयसोफिक्स.’ मी टायर पाहिले, स्टेपनी पाहिली, पाण्यात बुडालेली गाडी नाही ना म्हणून चटईखाली नाकसुद्धा घातलं. मागच्या सीटचं काम नवऱ्याकडे दिलं होतं. हे मागं बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, “मस्त आहे.” गाडी घरी आली.

खुर्ची लेकीच्या आधी कुरिअरनं पोचली, कारण बाळाला विमानतळापासूनच तिच्यात बसायचं होतं. मी फटीत हात घातला. मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता. आधी केसांची पिन निघाली. मग फुटाणे, एक चिमुकला मोजा आणि मूठभर अक्षता. डॉक्टरांनी या गाडीतून अख्खं वऱ्हाड नेलेलं दिसत होतं. कड्या मात्र डावीकडेही नव्हत्या आणि उजवीकडेही नव्हत्या.

“मम्मी, सोड ना,” मुलगा म्हणाला. “मामाची मांडी आहे की.”

जावळ काढताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात. तो मान मामाचा. माझा मुलगा महिनाभर या मांडीच्या जिवावर घरात साहेबासारखा वावरत होता, पाण्याचा ग्लासही हातात मागत होता.

दुसऱ्या दिवशी मी डीलरकडे गेले. त्यानं चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, “हुआ क्या ताई?”

“कड्या नाहीत.”

“कौनसी कड्या?”

“जाहिरातीत आयसोफिक्स लिहिलंय ना, त्या.”

“अच्छा, वो!” त्याचा चेहरा उजळला. “वो तो हम सब गाड्यों में लिखते. अच्छा दिखता. तुम्ही कायकू टेन्शन घेता? सेफ्टीसाठी लिंबू-मिरची नवीन बांधून दिली ना?”

मी त्याला उठवलं. म्हटलं, चला, सगळ्याच गाड्या बघू. मग भर दुपारी आम्ही दोघं एकेका गाडीच्या मागच्या सीटमध्ये कोपरापर्यंत हात घालत फिरलो. एकीत त्याला कंगवा मिळाला, दुसरीत मला चिकट काहीतरी. शेवटून दुसऱ्या गाडीत त्याचा हात थबकला. “ताई! ये देखो! लोहा!”

कड्या होत्या. फक्त त्या एका गाडीच्या जाहिरातीत आयसोफिक्स लिहायचं राहिलं होतं, आणि ती गाडी सकाळीच दुसऱ्या कुणासाठी ठरली होती.

“तुमची परत घेतो,” तो खरोखर वरमून म्हणाला. “पण तशी दुसरी यायला टाइम लगेगा.”

टाइम नव्हता. लेकीचं विमान दोन दिवसांवर आलं होतं. बाळाला अकरावा महिना लागला होता आणि जावळ वर्षाच्या आत व्हायला हवं होतं. मी त्याला सगळ्या जाहिरातींतून तो शब्द माझ्यासमोर काढायला लावला आणि घरी आले.

लेकीला खरं सांगायचं ठरवलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. खुर्ची सीटबेल्टनंही बसते हे माहितीपुस्तिकेत होतं, ते मी तिला वाचून दाखवलं.

“मला माहितीये मम्मी,” ती म्हणाली. “पण बेल्ट नीट ओढला नाही तर उपयोग नसतो. म्हणून तर कड्या म्हणाले. तुम्ही लोक वरवर बसवाल आणि घाटात बाळ रडलं की कुणीतरी मांडीवर घेईल. मी तुम्हाला ओळखते. तिकिटं रद्द करू का?”

ती आम्हाला खरंच ओळखत होती. मुलानं तरी एक प्रयत्न केला. “ताई, आपण सगळे मांडीवरच वाढलो ना?”

तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. मी मनात म्हटलं, संपलं. नवस त्यांचा, नातीचा लेक त्यांचा. आता खुर्चीचा उद्धार होणार.

“पोरी, तुझं बरोबर हाय,” त्या फोनला म्हणाल्या. “लेकरू बांधलेलंच बरं. तुझ्या बापाला म्या घोड्यावर बांधून नेलंय. मेंढरं घेऊन निघायचो तवा सामानावर घोंगडी, घोंगडीवर ह्यो, अन् वरून दोर. एका अंगाला कोंबड्या, एका अंगाला ह्यो.”

“आई, कोंबड्यांचं कशाला?” हे म्हणाले.

“गप. कधी पडला नाय. अन् एक दिवस लई रडला म्हणून म्या सोडून मांडीवर घेतला, तर ओढ्यात घोडं बुजलं. ही बघ खूण.” त्यांनी कॅमेरा यांच्या कपाळाला लावला. या खुणेबद्दल हे मला इतकी वर्षं सांगत आले होते की शाळेत कबड्डी खेळताना लागलं.

“मग मामाची मांडी?” मुलानं विचारलं.

“देवाच्या दारात बैस की मांडी घालून. रस्त्यावर मांडीचा काय भरवसा?”

पलीकडे लेक हसली. म्हणाली, “बसवून दाखवा. मग बघते.”

बसवायला गेलो तर सीटबेल्टची बकलं नव्या सीट कव्हरखाली गडप. मी कात्री आणली. “नवं कव्हर!” हे ओरडले. मी कापलं. मुलानं खुर्चीवर गुडघा रोवला, मी पुस्तिकेत दाखवलेल्या निळ्या खुणांच्या खाचांतून पट्टा घातला आणि यांनी तो असा ओढला की त्यांचा चष्मा पडला. मी व्हिडिओ पाठवला. लेकीचं उत्तर आलं: ‘आजीला हलवायला सांगा.’

सासूबाईंनी पदर खोचला, खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि हिसके दिले. गाडी डुलली. खुर्ची आहे तिथंच राहिली.

“हललं का?” त्यांनी मला विचारलं.

“गाडी हलली.”

“तिला हलू दे.”

विमानतळाबाहेर लेकीनं आधी बाळ माझ्याकडे दिलं आणि डोकं गाडीत घातलं. पट्टा सोडला, पुन्हा घातला, पुन्हा ओढला. आमच्यापेक्षा बोटभर जास्त ओढला गेला. बाळाला बसवलं, तसं त्यानं पायाचा अंगठा तोंडात घातला आणि तो विषय त्याच्यापुरता मिटला.

ठाण्यावर निघायच्या दिवशी मागच्या सीटवर खुर्ची, लेक आणि सासूबाई. पुढं हे, गाडी चालवायला मी. मामाला जागाच उरली नाही. तो पहाटे एसटीनं गेला. सिल्लोडहून त्याचा फोन आला, “मानकरी उभ्यानं चाललाय, नोंद घ्या.”

लेकीचा एक हात घरापासून खुर्चीच्या कडेवर होता. दर खड्ड्याला “मम्मी, हळू.” फुलंब्रीपर्यंत मी मोजून गाडी हाकली. सिल्लोडच्या पुढं बाळ रडलं. मी आरशात पाहिलं. सासूबाईंचे हात उठले, खुर्चीच्या पट्ट्यापर्यंत गेले आणि परत आपल्या मांडीवर आले. त्या बाळाशी बोलायला लागल्या, घोड्याबद्दल, कोंबड्यांबद्दल. ते गप्प झालं.

“मम्मी, हळू” यायचंही थांबलं होतं. घाटाच्या तोंडाशी मी पुन्हा आरशात पाहिलं. लेकीचा हात खुर्चीवरून घसरून सीटवर पडला होता, मान सासूबाईंच्या खांद्यावर होती आणि तोंड किंचित उघडं होतं. बाळ झाल्यापासून ती अशी झोपलेली मी पाहिली नव्हती.

“हॉर्न नको वाजवू,” सासूबाई हळूच म्हणाल्या.

मी गिअर खाली टाकला आणि घाट उतरायला लागले.